कप्तानाच्या खुर्चीत काळा माणूस

पडद्यावरच्या गोष्टीत साहेब कोण आणि हुजऱ्या कोण, हे आपण गोष्ट पाहायला बसण्याच्या आधीच कोणीतरी ठरवून टाकलेले असते. हुकूम देणारा गोरा, देखणा, मोठ्या घरातला. त्याची बॅग उचलणारा, दार उघडणारा, विनोद करणारा किंवा तिसऱ्याच प्रवेशात मारला जाणारा मात्र वेगळ्या रंगाचा, वेगळ्या वस्तीतला. वर्षानुवर्षे हेच पाहिले की लहान मुलाच्या मनात आपोआप एक यादी तयार होते. हुकूम देणारी माणसे अशी दिसतात आणि हुकूम ऐकणारी तशी. ही यादी कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. म्हणूनच ती पुसायला फार कष्ट पडतात.

अमेरिकेत ही यादी पुसण्याचा एक मोठा प्रयत्न चक्क अंतराळातल्या गोष्टींच्या मालिकेतून झाला. त्या मालिकेचे नाव 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' आणि तिच्या नायकाचे नाव बेंजामिन सिस्को. आमच्या पुष्कळ वाचकांनी ही मालिका पाहिलेली नसेल. परग्रहावरचे प्राणी आणि किरण सोडणाऱ्या बंदुका यांच्याशी आपला काय संबंध, असेही कोणाला वाटेल. परंतु या सिस्कोची कहाणी केवळ अंतराळाची नाही. स्वप्न पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, असा प्रश्न तिच्यात विचारला आहे. म्हणून ती आम्ही येथे थोडी सविस्तर सांगणार आहोत.

आधी उहुरा, मग सिस्को

'स्टार ट्रेक' ही मूळ मालिका जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केली आणि ती १९६६ साली अमेरिकेत सुरू झाली. पुढच्या काळातील मानवजात गरिबी आणि आपसातील भेद मागे टाकून अवकाशात प्रवास करते आहे, अशी तिची कल्पना. त्या यानावर उहुरा नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती. ती भूमिका निशेल निकोल्स करीत. ज्या काळात काळ्या नटीला बहुधा मोलकरणीचेच काम मिळे, त्या काळात ही बाई यानाच्या मुख्य दालनात गणवेश घालून बसलेली दिसत होती.

पहिल्या वर्षानंतर निकोल्स यांनी मालिका सोडायचे ठरवले होते. त्याच सुमारास एका कार्यक्रमात त्यांना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग भेटले. ते म्हणाले की तुम्ही ही जागा सोडू नका. आपली माणसे जशी दिसायला हवीत तशी जगाला पहिल्यांदाच दिसत आहेत. ही हकिगत निकोल्स यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्या थांबल्या. पुढे १९७७ पासून त्यांनी 'नासा' या अमेरिकन अवकाश संस्थेसाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय तरुण भरतीला पुढे यावेत म्हणून गावोगाव प्रचार केला. १९९२ साली माय जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री खरोखर अवकाशात गेली. लहानपणी उहुराला पाहून आपल्याला उमेद मिळाली, हे तिने मोकळेपणाने सांगितले आहे. निकोल्स २०२२ साली वारल्या, पण पडद्यावरचे एक चित्र माणसाला कोठवर नेऊ शकते याचा दाखला मागे ठेवून गेल्या.

तरीसुद्धा एक गोष्ट राहिलीच होती. उहुरा दालनात बसे, पण मधली खुर्ची कॅप्टन कर्कची होती. १९८७ साली दुसरी मालिका आली, तिच्यातही त्या खुर्चीत कॅप्टन पिकार्ड बसला. दोघेही गोरे. हुकूम देण्याच्या जागेवर, मालिकेचा मुख्य नायक म्हणून काळा माणूस येण्यास जानेवारी १९९३ उजाडावे लागले. तो माणूस म्हणजे सिस्को, आणि त्याची भूमिका केली एव्हरी ब्रूक्स यांनी.

उद्ध्वस्त ठाण्याचा कारभारी

कर्क आणि पिकार्ड यांच्याकडे झगमगीत यान होते. आज या ग्रहावर, उद्या त्या ग्रहावर असा त्यांचा प्रवास चाले. सिस्कोच्या वाट्याला आले एक मोडकेतोडके अंतराळ स्थानक. बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन नावाच्या परकीयांनी सुमारे अर्धशतक राज्य केले. बजोरच्या लोकांना वेठीला धरून त्यांनी ते स्थानक बांधून घेतले आणि तेथेच खनिज शुद्ध करण्याच्या कामाला त्यांना जुंपले. शेवटी बजोरी लोकांच्या लढ्यापुढे त्यांना जावे लागले, तेव्हा जाताना त्यांनी होते नव्हते ते लुटून नेले. अशा ठिकाणी कारभार पाहण्यासाठी सिस्को येतो. साहसाला निघणे सोपे, पण मोडलेले घर पुन्हा उभे करणे कठीण. तेथून पळून जाता येत नाही. केलेल्या प्रत्येक गोष्टीचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहतो.

स्वतः सिस्कोही मोडलेलाच आहे. एका लढाईत त्याचे जहाज नष्ट झाले आणि त्याची पत्नी जेनिफर त्यात मेली. जेक नावाचा लहान मुलगा तेवढा वाचला. राजीनामा द्यावा अशा विचारातच तो स्थानकावर पाऊल ठेवतो. पण हळूहळू तो उभा राहतो आणि इतरांनाही उभे करतो. त्याची दुय्यम अधिकारी मेजर किरा ही बजोरच्या मुक्तिलढ्यात लढलेली बाई आहे. ती त्याच्याशी पहिल्या दिवसापासून भांडते. तो तिला दाबून टाकत नाही. तिच्या लोकांनी काय सोसले आहे हे तो ऐकून घेतो आणि निर्णय मात्र ठामपणे स्वतः घेतो. आवाज खर्जातला, चाल सावकाश. पण तो बोलू लागला की दालन गप्प होते. बजोरचे लोक त्याला आपल्या देवांनी पाठवलेला प्रेषित मानू लागतात, तेव्हा मात्र तो अवघडून जातो. लोकांनी पायाशी बसावे यापेक्षा त्यांनी आपापले काम चोख करावे, हेच त्याला जास्त आवडते. ते प्रेषितपण स्वीकारायला त्याला बरीच वर्षे लागतात.

दोन मुलांची गोष्ट

आमच्या कुटुंब-पानाच्या वाचकांना या मालिकेतील दोन मुलांविषयी सांगितलेच पाहिजे.

पहिला त्याचा स्वतःचा मुलगा जेक. बाप एवढा मोठा अधिकारी, तेव्हा मुलानेही त्याच खात्यात जावे असे सर्वांनी गृहीत धरलेले. १९९४ सालच्या एका भागात जेक धीर करून सांगतो की मला तुमच्या खात्यात यायचे नाही. बाप रागावत नाही. आयुष्य तुझे आहे, तुला ज्यात मनापासून आनंद वाटेल ते शोध, एवढेच तो सांगतो. पुढे जेक लेखक होतो. मुलाच्या मार्कांवरून घराघरांत रणे माजतात, तेथे ही दोन मिनिटे दाखवण्यासारखी आहेत. सिस्को मुलासाठी स्वतः स्वयंपाक करतो. त्याच्या वडिलांची न्यू ऑर्लिन्स शहरात खाणावळ आहे आणि भाजी निवडण्यापासून फोडणीपर्यंत सारे त्याने तेथेच शिकलेले आहे. दिवसभर युद्धाचे हुकूम देणारा हा माणूस संध्याकाळी पातेल्यापुढे उभा राहतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

दुसरा मुलगा नॉग. हा स्थानकावरच्या दारूच्या गुत्त्यात राबणाऱ्या रॉमचा पोर. त्यांच्या जमातीचे नाव फेरेंगी. पैशाशिवाय या लोकांना काही कळत नाही, हे चोरच असायचे, असा त्यांच्याविषयी सगळ्यांचा समज. नॉग एके दिवशी सिस्कोकडे येतो आणि म्हणतो, मला तुमच्या सैनिकी अकादमीत जायचे आहे, शिफारस द्या. सिस्कोला आधी ही थट्टाच वाटते. तो त्याला मौल्यवान माल भरलेल्या गोदामाची मोजदाद करायला लावतो. पोरगा ठरल्या वेळेच्या आत काम पुरे करतो आणि एक नगही इकडचा तिकडे होत नाही. तरी सिस्को नकार देऊन पाहतो. तेव्हा नॉगच्या पोटातले बाहेर येते. माझा बाप यंत्रांच्या कामात अत्यंत हुशार आहे, पण त्याला कधी संधी मिळाली नाही आणि ती मागण्याचे धैर्यही झाले नाही. मला त्याच्यासारखे आयुष्य काढायचे नाही. हे ऐकल्यावर सिस्को शिफारस देतो. त्या जमातीतून त्या दलात जाणारा नॉग हा पहिला. हा भाग १९९५ सालचा. ज्यांच्या घरातला पहिला मुलगा शिकून नोकरीला लागला त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगायला नको. आम्हाला सिस्कोचा मोठेपणा येथे सर्वांत जास्त दिसतो. स्वतः वर चढलेल्या माणसाने मागे शिडी ठेवली की ओढून घेतली, यावर त्याची खरी पारख होते.

खुर्ची एक, हुद्दा दुसरा

आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. ज्येष्ठतेची यादी, बढतीचा कागद आणि प्रभारी कार्यभार यांचे अर्थ आम्हाला चांगले कळतात. म्हणून एक बाब आमच्या नजरेतून सुटली नाही. कर्क आणि पिकार्ड पहिल्या भागापासून 'कॅप्टन' होते. सिस्को मात्र स्थानकाचा प्रमुख असूनही हुद्द्याने 'कमांडर'. कॅप्टनची सारी कामे करीत त्याने तीन हंगाम काढले आणि १९९५ साली तिसऱ्या हंगामाच्या शेवटच्या भागात त्याला बढती मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेल्या पुढच्या मालिकेतील जेनवे ही गोरी स्त्री मात्र पहिल्या दिवसापासून कॅप्टन होती. निर्मात्यांच्या मनात काय होते हा भाग वेगळा. पडद्यावर जे दिसले ते असे दिसले.

ब्रूक्स यांच्या रूपाचेही तसेच. यापूर्वी १९८५ पासून एका गुन्हेकथेच्या मालिकेत त्यांनी हॉक नावाच्या दणकट, दरारा बसवणाऱ्या माणसाची भूमिका गाजवली होती. तेव्हा त्यांचे डोके तासलेले आणि हनुवटीवर दाढी असे. नव्या मालिकेत सिस्को हॉकसारखा दिसू नये म्हणून त्यांना केस ठेवायला आणि दाढी काढायला लावले. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस दाढी आली आणि चौथ्या हंगामापासून डोकेही तासलेले दिसू लागले. तेथून सिस्को हा खरा सिस्को झाला, असे ही मालिका आवडीने पाहणारे म्हणतात.

या नटाची ओळखही करून घेतली पाहिजे. एव्हरी ब्रूक्स यांचा जन्म १९४८ सालचा, इंडियाना राज्यातला. त्यांचे बालपण गॅरी या पोलादी गिरण्यांच्या कामगार शहरात गेले आणि घरात आईकडून संगीत आले. रटगर्स विद्यापीठातून अभिनय व दिग्दर्शनातील उच्च पदवी १९७६ साली मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे त्याच विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. थोर गायक आणि लढवय्या पॉल रोबसन याच रटगर्सचे विद्यार्थी होते, आणि रोबसन यांच्या जीवनावरील एकपात्री नाटक ब्रूक्स यांनी अनेक वर्षे रंगभूमीवर केले. म्हणजे सिस्कोचा गणवेश अंगावर चढवण्यापूर्वीच हा माणूस आपल्या लोकांचा इतिहास पाठ करून आलेला होता.

बेनी रसेलचे स्वप्न

त्या इतिहासाचे चीज फेब्रुवारी १९९८ मध्ये झाले. त्या महिन्यात दाखवला गेलेला एक भाग खुद्द ब्रूक्स यांनी दिग्दर्शित केला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'ताऱ्यांच्याही फार पलीकडे'.

या भागात सिस्कोला भास होऊ लागतात. त्याला वाटते की आपण सिस्को नसून १९५३ सालच्या न्यूयॉर्कमधील बेनी रसेल नावाचे एक लेखक आहोत. बेनी एका विज्ञानकथा मासिकाच्या कचेरीत नोकरीला आहे. वाचकांना लेखक मंडळींचा फोटो पाहायचा आहे, तेव्हा फोटो काढायचे ठरते. संपादक बेनीला आणि नावाची आद्याक्षरेच छापून लिहिणाऱ्या एका स्त्री लेखिकेला सांगतो की त्या दिवशी तुम्ही दोघे उशिरा आलात तरी चालेल. काळा माणूस आणि बाई या कथा लिहितात हे वाचकांना कळता कामा नये.

एक चित्र पाहून बेनीला कथा सुचते. दूर अंतराळातील एक स्थानक आणि त्याचा प्रमुख कृष्णवर्णीय कॅप्टन, बेंजामिन सिस्को. कथा सर्वांना आवडते. संपादक मात्र छापायला तयार नाही. काळा कॅप्टन कोणाला पटणार, त्याला गोरा कर, असे तो म्हणतो. बेनी ऐकत नाही, उलट त्याच कॅप्टनवर आणखी कथा लिहितो. शेवटी एक सहकारी तोड काढतो. हे सारे एका गरीब काळ्या माणसाला पडलेले स्वप्न आहे असे शेवटी लिहून टाक. संपादक राजी होतो. बेनी आनंदात असतानाच ओळखीचा एक तरुण पोरगा पोलिसांच्या गोळीने मरतो, आणि जाब विचारणाऱ्या बेनीला पोलीस बेदम मारतात. काही आठवड्यांनी काठी टेकत तो कचेरीत येतो, तेव्हा कळते की मालकाने त्या अंकाच्या सर्व प्रती लगद्यात घातल्या आणि बेनीलाही कामावरून काढले. बेनी तेथेच कोसळतो. मी माणूस आहे, असे तो रडत ओरडत सांगतो. कागद तुम्ही नष्ट कराल, पण कल्पना नष्ट करता येत नाही. ते स्थानक आणि तो कॅप्टन माझ्या मनात आहेत आणि म्हणून ते खरे आहेत, हे त्याचे म्हणणे.

हे केवळ नाटक नव्हते. सॅम्युअल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने १९६७ साली आपली 'नोव्हा' ही कादंबरी एका नामांकित विज्ञानकथा मासिकाकडे क्रमशः छापण्यासाठी पाठवली होती. जॉन कॅम्पबेल या संपादकाने ती नाकारली. काळा नायक आमच्या वाचकांना आपला वाटणार नाही, असे कारण त्याने दिल्याचे डिलेनी यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे लाखो मैलांवरचे ग्रह वाचकांना पटत होते. पटत नव्हता तो फक्त काळा कप्तान!

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट येथे नमूद करतो. बेनीची कथा जेथे घडते त्या हार्लेम वस्तीला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे. तेथेच बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले आणि त्याच विद्यापीठाने जून १९५२ मध्ये त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. १९७२ साली मुंबईत तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हा बेनी रसेल आपल्याला अगदीच परका नाही.

चुकणारा, पण विसरणारा नव्हे

सिस्को हा देवमाणूस नाही. १९९८ सालच्याच एका भागात युद्ध हरण्याची वेळ येते, तेव्हा तिसऱ्या साम्राज्याला आपल्या बाजूने ओढण्यासाठी तो खोटा पुरावा तयार करवतो. त्यातून खून होतात. हे मी सहन करू शकतो, असे तो स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो आणि शेवटी आपल्या कबुलीची नोंदच पुसून टाकतो. सत्ता हाती आली की चांगल्या माणसाचेही हात कसे काळवंडतात, हे मालिकेने लपवले नाही. आम्हाला ते बरे वाटले. आपल्या माणसाला मोठे दाखवायचे म्हणजे त्याला निर्दोषच दाखवले पाहिजे, असे नाही.

मात्र हा माणूस इतिहास विसरत नाही. जानेवारी १९९५ च्या एका दोन भागांच्या कथेत सिस्को आणि सावळ्या वर्णाचा डॉ. बशीर काळाच्या फेऱ्यात सापडून २०२४ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत पडतात. ओळखपत्र नाही, पैसे नाहीत, म्हणून पोलीस त्यांना बेकार आणि बेघर लोकांना कोंडून ठेवण्याच्या भिंतीआडच्या वस्तीत टाकतात. त्यांची गोरी सहकारी डॅक्स हिच्याजवळही कागदपत्रे नसतातच, पण तिला एक श्रीमंत गृहस्थ सन्मानाने आपल्या कचेरीत नेतो. कथाकारांनी यावर भाषण केले नाही, नुसते दाखवले. मालिकेतील ते २०२४ साल आता येऊन गेले. मोठ्या शहरांत रस्त्यावर झोपणारी माणसे अजून आहेतच.

१९९९ सालच्या आणखी एका भागात सिस्कोचे सहकारी १९६२ सालच्या लास व्हेगासची हुबेहूब नक्कल करून तेथे नाचगाण्याची मौज करतात. सिस्को तेथे जायला नकार देतो. त्या काळात अशा ठिकाणी आमच्या लोकांना पाहुणे म्हणून प्रवेश नव्हता, हे खोटे चित्र मला नको, असे तो म्हणतो. त्याची मैत्रीण केसिडी त्याला समजावते की आपण त्या बंधनांत बांधलेले नाही, हे तेथे जाऊनच दाखवू. दोघांचेही म्हणणे विचार करण्यासारखे आहे. समता आली तरी आठवण पुसायची नसते, आणि आठवण ठेवली तरी आनंद सोडायचा नसतो.

बापाने परत यावे

२ जून १९९९ रोजी मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्यात सिस्को आपले कार्य संपवून काळाच्या पलीकडे राहणाऱ्या त्या बजोरी देवांच्या जगात निघून जातो. केसिडी आता त्याची पत्नी आहे आणि ती गरोदर आहे. लेखकांनी आधी लिहिले होते की तो कायमचा जातो. तसे चित्रीकरणही झाले होते. पण ब्रूक्स यांना चैन पडेना. काळा पुरुष गरोदर बायकोला सोडून निघून जातो, हे चित्र त्यांच्या समाजाच्या माथी आधीच मारलेले होते. सात वर्षे ज्या बापाला आपण इतक्या मायेने दाखवले, त्याच्या शेवटाला तोच कलंक का लावायचा? त्यांनी निर्मात्यांकडे हे बोलून दाखवले. निर्मात्यांनी ते मान्य केले आणि प्रसंग पुन्हा चित्रित झाला. आता सिस्को पत्नीला वचन देतो की मी परत येईन. कदाचित वर्षाने, कदाचित कालच.

वाचकहो, एका वाक्याचा तो बदल. पण तो करून घेणारा माणूस जाग्यावर नसता तर झाला नसता. गोष्ट कोण लिहितो, तपासताना खोलीत कोण बसलेले असते आणि चुकीच्या शब्दावर बोट ठेवण्याचे धैर्य कोणाला असते, यावर कोट्यवधी लोकांच्या मनातले चित्र ठरते.

त्यानंतर वाट थोडी रुंद झाली. २०१७ साली याच मालिकांच्या घराण्यातील नव्या मालिकेची मुख्य नायिका एक कृष्णवर्णीय स्त्री होती. बेनी रसेलच्या संपादकाला जे अशक्य वाटले, ते आता मुले सहज पाहतात.

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी वहीत काही गोष्ट लिहीत असेल, चित्र काढत असेल, तर ती वही एकदा हातात घेऊन पाहा. तिच्या गोष्टीत राजा कोण आहे, डॉक्टर कोण आहे, विमान कोण चालवते आहे, ते वाचा. त्या माणसांची नावे आपल्या वस्तीतली नसतील तर तिला प्रेमाने विचारा, का गं बाळ, आपल्यातले कोणी तेथे का नाही? आणि असतील, तर ती वही रद्दीत जाऊ देऊ नका.